टंगस्टन : मुळशीत नाही, मग कुठे?

मुळशीचा कातळ : ताम्हिणी घाटात दिसणारा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तो बनला. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, क्वार्ट्झचे स्फटिक मिळतात, पण टंगस्टनची खाण या खडकात सापडायची नाही.

साठा कसा होतो : ग्रॅनाइटचा शिलारस थिजताना उरलेले तप्त, खनिजयुक्त पाणी भेगांत शिरते. तिथे क्वार्ट्झच्या शिरांत वुल्फ्रॅमाइट आणि शीलाइट ही टंगस्टनची खनिजे साचतात.

ओळख : वुल्फ्रॅमाइट काळपट, छोटा तुकडाही हाताला चांगलाच जड लागतो. फिकट शीलाइट अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरे चमकते, म्हणून त्याचा शोध अंधारात घेतात.

उपयोग : टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, सर्व धातूंत सर्वाधिक. बोअरवेलच्या बिटला टंगस्टन कार्बाइडचीच बटणे असतात. कठीण बेसॉल्ट त्यांच्यामुळेच फुटतो.

महाराष्ट्रात : नागपूर जिल्ह्यातील आगरगावच्या वुल्फ्रॅमाइटची नोंद भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०८ मध्ये केली. पुढे कुही-खोबना पट्ट्यातही टंगस्टन आढळले. इथले साकोली गटाचे खडक सह्याद्रीच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी प्राचीन आहेत.

वाळवंटातली बंद खाण : राजस्थानात, डेगानाजवळच्या रेवत टेकडीतले वुल्फ्रॅमाइट पहिल्या महायुद्धाच्या काळात काढू लागले. शस्त्रांच्या पोलादाला टंगस्टन हवेच होते. स्वस्त आयातीपुढे खर्च परवडेना आणि १९९० च्या दशकात खाण बंद पडली. संरक्षणासाठी मोलाच्या या धातूकरिता भारताला आजही आयातीवर विसंबावे लागते. म्हणून अशा जुन्या साठ्यांची नव्याने तपासणी व्हायलाच हवी.