पू न होणारी जखम

बोटात काटा मोडला, की एकदोन दिवसांत तिथे पू होतो. हा पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्यांपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत आधी धावून येतात. रक्तात त्या फार तर दिवसभर टिकतात. म्हणून हाडांच्या पोकळीतील मज्जा त्या रोज अब्जावधींच्या संख्येने तयार करत असते. हा कारखानाच बंद पडला तर?

मूलपेशींच्या प्रत्यारोपणात तो मुद्दाम बंद पाडतात. रक्ताच्या कर्करोगात तीव्र औषधांनी, कधी किरणोत्साराने, रोगी मज्जा नष्ट केली जाते आणि दात्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून सोडल्या जातात. भारतात असे प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. नव्या पेशी मज्जेत रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एरवी एका घनमिलिमीटर रक्तात दोन हजारांहून अधिक असणारे न्यूट्रोफिल या काळात ५००च्या खाली, कधी जवळजवळ शून्यावर येतात.

मग जंतू येतात कुठून? आपल्याला वाटते, बाहेरून. पण बरेचसे रोग्याच्या अंगातलेच असतात! औषधांमुळे तोंडाचे व आतड्याचे नाजूक अस्तर सोलवटते आणि एरवी निरुपद्रवी असलेले आतड्यातील जीवाणू रक्तात शिरतात. शिरेत घातलेल्या नळीवाटे त्वचेवरचे जीवाणू आत जातात. चेतातंतूंत सुप्त असलेला नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणू जागा होतो.

म्हणून बंदोबस्तही दुहेरी असतो. आतल्या शत्रूंसाठी जीवाणू, बुरशी व हर्पिस यांच्याविरुद्धची औषधे आधीच सुरू करतात. तोंडाची आणि नळीची निगा राखतात. बाहेरच्यांसाठी खोलीतील हवा हेपा गाळणीतून येते. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू तर त्याहून कितीतरी मोठे. खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. फुले व कुंड्या यांना मज्जाव, कारण मातीत बुरशी असते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाने हात स्वच्छ धुणे.

एवढे करूनही संसर्ग होतोच. तो ओळखायचा कसा? पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. कारण ती आणणाऱ्या पेशीच नाहीत. बहुधा ताप हीच एक खूण उरते. म्हणून ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, की रक्ततपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता तासाभरात शिरेतून प्रतिजैविक द्यायचे असते. उशीर जिवावर बेततो.

न्यूट्रोफिल वाढले, तरी संपूर्ण प्रतिकारशक्ती परतायला वर्ष किंवा अधिक लागते. लहानपणीच्या लसीही पुन्हा टोचाव्या लागतात. असा विद्यार्थी आपल्या वर्गात परत आला आणि वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या, तर त्याच्या पालकांना त्याच दिवशी कळवा. आणि मुलांना एकदा विचारून पाहा : जखमेत पू झालाच नाही, तर ते नेहमी चांगलेच का?