पाण्याची खतावणी

गोदावरी खोऱ्यात 15 ऑक्टोबर हा हिशेबाचा दिवस. त्या दिवशी जायकवाडीत किती पाणी आहे आणि वर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांत किती, यावर वरून पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालावरून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये आदेश काढला. त्यात जायकवाडीच्या 65 टक्के साठ्याची रेषा आली. पण नुसता साठा पाहून भागत नाही. खरिपात कोणी किती पाणी वापरलं, तेही जमेला धरावं लागतं. 2023 च्या टंचाईत 8.6 टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा दोन्हीकडचे लोक रस्त्यावर आणि कोर्टात होते. धरणातला साठा कोणालाही पट्टीवर वाचता येतो. ‘वापर’ नावाचा आकडा कुठून येतो, ते बघून ये, एवढंच सांगून संपादकांनी मला पाठवलं.

कागदावरचा इतिहास थोडक्यात सांगते. 1976 च्या पाटबंधारे अधिनियमाने कालव्यांचा कारभार बांधून दिला. 1995 साली जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. नद्यांची मोजणी आणि पावसाच्या नोंदी नाशिकला एका छताखाली येऊ लागल्या. 2003-04 पासून राज्याने सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल छापायला घेतले, आणि 2005 साली नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. हे सगळं चांगलं काम आहे, आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे.

प्रश्न सुरू होतो तो हे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. कालव्यावर पाणी क्युसेकमध्ये बोललं जातं, धरणावर दशलक्ष घनफुटांत, मंत्रालयाच्या तक्त्यात दशलक्ष घनमीटरमध्ये, बातम्यांत टीएमसीत. महापालिका एमएलडी म्हणते. भूजलवाले हेक्टर-मीटर म्हणतात. कृषी विभाग पाणी मोजतच नाही, भिजलेलं क्षेत्र मोजतो. एककं बदलून घेता येतात, त्याला शाळेतलं गणित पुरतं; 1 टीएमसी म्हणजे 28.32 दशलक्ष घनमीटर. वर्षाचं काय करणार? पाटबंधाऱ्यांचं सिंचन वर्ष 1 जुलैला सुरू होतं, पालिकेचं 1 एप्रिलला. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. हद्दींचंही तसंच: एकाची हद्द लाभक्षेत्र, दुसऱ्याची पाणलोट, तिसऱ्याची तालुका. एकच पाऊस, एकच नदी, आणि प्रत्येक कार्यालयात तिचं वेगळं खातं.

याची किंमत राज्याने एकदा मोजली आहे. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाची टक्केवारी जेमतेम 0.1 ने वाढल्याचं छापून आलं. 2012 च्या अखेरीस जलसंपदा विभागाच्या श्वेतपत्रिकेत हीच वाढ पाच टक्क्यांहून जास्त निघाली. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. त्या वादात भ्रष्टाचाराचा प्रश्न होता आणि तो खराच होता. पण दोन खाती ‘सिंचित’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, हे त्या गदारोळात मागेच पडलं.

वरच्या कार्यालयांत हिंडून झाल्यावर मी एका वितरिकेवर गेले, आणि तिथेच जास्त रमले. तिथे पाण्याचं माप घेतलं जातं ते स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमवर. हे यंत्र म्हणजे खरं तर दगड-सिमेंटचा एक आकार आहे. पाट एके ठिकाणी अरुंद केलेला, तळ थोडा उचललेला. पाणी त्या गळ्यातून वेगाने उतरतं आणि पलीकडे उसळी मारून उभं राहतं. ती उसळी नीट आहे तोवर वरच्या बाजूची फक्त उंची वाचायची, आणि तक्त्यातून प्रवाह काढायचा. हलणारा भाग एकही नाही. या रचनेवर मुंबई इलाख्यात सी. सी. इंग्लिस यांनी काम केलं आणि 1920 च्या दशकाच्या शेवटी त्यावर तांत्रिक टिपण लिहिलं. शंभर वर्षं होत आली तरी तिची अक्कल जुनी झालेली नाही.

पण ती उंची नेमकी वाचावी लागते. प्रवाह उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो. पट्टीवर 30 सेंटिमीटर असताना कोणी 33 वाचले, तर प्रवाह 15 टक्क्यांनी जास्त लिहिला जातो.

ते वाचणारे मोजणीदार पन्नाशी ओलांडलेले. आवर्तन चालू होतं. सकाळी सहाला ते फ्ल्यूमच्या शेजारच्या छोट्या विहिरीपाशी आले. पाटाशी नळीने जोडलेल्या या विहिरीत लाटा नसतात, म्हणून पट्टी तिथे बसवलेली असते. पट्टीकडे त्यांनी लगेच पाहिलं नाही. आधी एक लांब गज घेऊन नळीत खुपसला, दोन-चारदा फिरवला. विहिरीतलं पाणी बोटभर वर आलं.

“गाळ बसतो ताई नळीत. तसंच वाचलं असतं तर कालचंच पाणी आज लिहिलं असतं.”

मग ते पलीकडच्या काठाने खाली चालत गेले. तिथे पाणगवताने पाट भरला होता, पाणी तुंबून मागे सरकत होतं आणि ती उसळी जवळजवळ बुडाली होती. अशा वेळी तक्ता खरा राहत नाही. पाणी कमी जात असतं आणि पट्टी जास्त सांगते. त्यांनी रजिस्टर उघडलं, वेळ आणि गेज लिहिलं, तक्त्यातून प्रवाह काढून लिहिला आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारला: ‘खाली गवत, पाणी तुंबले, डिस्चार्ज धरू नये.’ त्या रजिस्टरची मागची पानं मी चाळली. ‘रात्री दार कोणी उचलले.’ ‘पट्टीचा रंग गेला, अंदाजे.’ ‘पाऊस, शेतकऱ्यांनी पाणी नाकारले.’ इतकी प्रामाणिक सरकारी वही मी क्वचितच पाहिली आहे.

आकडा मोबाइलवरून शाखा कार्यालयात जातो, तिथून उपविभागात, मग विभागात. मी त्या आकड्याच्या मागोमाग गेले. पुढच्या तक्त्यात गेज आहे, प्रवाह आहे, दिवसाची बेरीज आहे. शेऱ्याचा रकाना नाही. ‘धरू नये’ असं लिहिलेला आकडा तिथे इतर आकड्यांसारखाच, दोन दशांश स्थळांसह, बेरजेत बसला होता. पुढे तो दुसऱ्या खात्याला कितीही चांगल्या संगणक प्रणालीतून मिळाला, तरी घेणाऱ्याला त्याची प्रकृती कळायला मार्ग नाही. माहितीचं प्रमाणीकरण म्हटलं की आपण संकेतांक, नमुने आणि पोर्टल यांच्याबद्दल बोलतो. ते हवंच. पण प्रमाणीकरणात पहिला बळी जातो तो शेऱ्याचा, आणि मला त्याची काळजी वाटते.

दुसरी काळजी माणसांची. या मोजणीदारांकडे स्वतःच्या बीटाशिवाय आणखी दोन बीटं आहेत, कारण निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत. तिन्ही ठिकाणी सकाळी सहाला एकाच माणसाने हजर राहणं शक्य नाही. उरलेल्या दोन ठिकाणचा आकडा पाटकऱ्याने फोनवर सांगितलेला असतो. स्वयंचलित मापक बसवा, हे उत्तर लगेच येतं. बसवावेत, जरूर बसवावेत. मात्र त्या नळीतला गाळ काढायला माणूस लागणारच, आणि संवेदकाला गवत दिसत नाही.

मग जे मोजलंच जात नाही त्याचं काय? जलाशयाच्या फुगवट्यावर उपशाचे पंप रांगेने उभे असतात. त्यांचा वापर बहुतेक वेळा पिकाच्या क्षेत्रावरून आणि पंपाच्या अश्वशक्तीवरून काढलेला असतो. कालवा झिरपतो, त्या झिरपण्याने लाभक्षेत्रातल्या विहिरी भरतात. कालव्याच्या खात्यात हा वहनव्यय, म्हणजे तोटा. भूजलाच्या खात्यात तेच पुनर्भरण, म्हणजे जमा. शेतकरी त्याच विहिरीवर ऊस घेतो, आणि पीक पाहणीत ते विहीर-बागायत. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांची बेरीज केली की चूक होते.

शहरांचं प्रकरण याहून अवघड आहे. नाशिक शहर मुख्यतः गंगापूर धरणातून पाणी उचलतं. ते सगळं पाणी पिण्यासाठीचा वापर म्हणून लिहिलं जातं. पण शहर पाणी वापरून संपवत नाही. त्यातला मोठा भाग सांडपाणी होऊन, काही शुद्ध होऊन आणि काही तसाच, गोदावरीत परततो आणि पुढे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जातो. तिथे तो नदीचा येवा म्हणून मोजला जातो, कालव्यांत शिरतो किंवा बंधाऱ्यावरून जायकवाडीच्या दिशेने निघतो. पालिकेने तो खर्ची टाकलेला, पाटबंधाऱ्यांनी तो नव्याने जमा धरलेला. परत आलेलं पाणी कोणाच्या नावावर लिहायचं, असं मी विभागातल्या एका अभियंत्यांना विचारलं. त्यांनी दोन्ही तक्ते समोर ठेवले, पालिकेचा एप्रिल ते मार्च आणि आपला जुलै ते जून, आणि म्हणाले, “आधी हे दोन्ही एका वर्षावर आणून द्या, मग नावाचं बघू.”