मोरीच्या फटी आणि ॲसिडची बाटली

शाबानचा महिना लागला की आमच्या घरी झाडलोट सुरू होते. पडदे उतरतात, मसाल्याचे डबे रिकामे होतात आणि शेवटी पाळी येते मोरीची. आमच्याकडे मोरीतच वजूसाठी नळाखाली एक कट्टा आहे. दिवसभर तिथे पाणी सांडत असतं. टाइल्स चकचकीत दिसायच्या, पण त्यांच्या मधल्या फटी काळ्याकुट्ट. आम्ही दोघी जावा दरवर्षी एकच उपाय करायचो. किराणा दुकानातून ॲसिडची बाटली आणायची, ओतायची, खराट्याने घासायचं. फेस यायचा, फटी पांढऱ्या व्हायच्या, आम्ही खूश. पण ईदपर्यंत त्या पुन्हा काळ्या. पुढच्या वर्षी त्याहून लवकर.

दोन वर्षांपूर्वी ॲसिडने थोडा काळेपणा राहिला, म्हणून आमच्यातल्या एकीने त्यावर कपड्यांचं ब्लीच ओतलं. दार लावलेलं होतं, बाहेर मुलं होती म्हणून. क्षणात घशात आग, डोळ्यांतून पाणी आणि असा खोकला की श्वासच घेता येईना. अम्मींनी आवाज ऐकला आणि दार ढकलून हाताला धरून बाहेर ओढलं. डॉक्टरांनी सांगितलं की ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. भगिनींनो, असं कधी झालंच तर पाणी ओतून साफ करत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा दम लागणं थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

त्यानंतर बाटली घरात आली नाही. फटींचं काय करायचं हे विचारायला मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खिशातला खिळा काढून फटीत ओढला, तर भुगा निघाला. म्हणाले, "भाभी, तुम्ही डाग नाही, सिमेंटच धुतलंय."

गोष्ट सरळ आहे. टाइल्सच्या मधे भरतात तो मसाला बहुतेक घरांत सिमेंटचाच असतो आणि सिमेंटला ॲसिड खातं. जो फेस आम्हाला सफाईचा वाटायचा, तो सिमेंट विरघळताना उठणारा वायू होता. वरचा थर गेला की डाग गेल्यासारखा वाटतो, पण खालचा भाग अधिक खरखरीत, अधिक सच्छिद्र. त्यात साबण, मळ, पाणी आणखी मुरतं. म्हणूनच दरवर्षी काळेपणा लवकर परतायचा. व्हिनेगर सौम्य असलं तरी ॲसिडच. आणि व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून जो फसफसणारा उपाय सगळीकडे सांगतात, त्यात दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते जवळजवळ मिठासारखं पाणी.

मग आम्ही काय केलं? खाण्याच्या सोड्यात मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून दाटसर लेप केला. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून तो फटींत भरला, पंधरा-वीस मिनिटं ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. लेप लागेल तेवढाच करावा. बाटलीत भरून बूच लावलं तर आत वायू साठून ती फुटू शकते. आणि घासून निघालेलं काळं पाणी लगेच फडक्याने टिपून घ्यायचं. फटी टाइलपेक्षा खोल असतात, पाणी तसंच सोडलं तर मळ पुन्हा तिथेच बसतो. खरं तर फरशीच्या निम्म्या फटी आपल्या पोछ्यानेच काळ्या होतात, एकाच बादलीत अख्खं घर पुसलं की!

स्वयंपाकघरात वेगळीच गंमत झाली. ओट्यामागच्या फटींत हळदीचे डाग होते. साबण लावला तर पिवळ्याचे लालभडक झाले. अम्मी म्हणाल्या, "हे काय करून ठेवलंत?" पण हळद साबणासारख्या क्षारात लाल होतेच, धुतल्यावर पुन्हा पिवळी पडली. तोच लेप दोनदा लावल्यावर बराच रंग उतरला आणि खिडकीजवळचा उरलासुरला उन्हानेच गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे कपड्यांवरून आपल्याला ठाऊक आहेच.

जिथे फटी पोकळ झाल्या होत्या तिथे सफाईचा उपयोग नव्हता. मिस्त्रींनी त्या खरवडून नव्याने भरल्या. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन घातलं, कारण तिथे सिमेंट तडकतं.

राहिलं सीलर. हे पातळ द्रव सिमेंटच्या छिद्रांत मुरतं आणि पाणी, तेल आत जाणं रोखतं. नवा मसाला पूर्ण पिकल्याशिवाय ते लावू नये. किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. फट ओली असेल तर ओल आतच कोंडते. आमच्या घरात हीच खरी अडचण. मोरी कोरडी ठेवायची म्हणजे वजू कुठे करायचं? शेवटी दोन दिवस अंगणातल्या नळावर सोय केली. मग बारीक ब्रशने फटींवर सीलर लावलं, टाइलवर सांडलेलं वाळण्याआधी पुसलं (वाळलं की धुरकट डाग राहतो), काही वेळाने दुसरा हात दिला आणि एक दिवस पाणी लागू दिलं नाही. एपॉक्सीने भरलेल्या फटींना हे लागत नाही. आणि सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खालच्या घराच्या छतात पाणी झिरपत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा लागेल.

सीलर टिकलंय का हे पाहायला थेंबभर पाणी पुरतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. पसरून फट गडद झाली तर पुन्हा लावायची वेळ आली. परवा आम्ही पाहिलं. कट्ट्यावर थेंब उभा राहतो. पिंपामागची एक फट मात्र पाणी पिते. तेवढं पिंप आम्ही त्या दिवशी हलवलं नव्हतं.