गाऱ्हाणे हीही प्रार्थनाच

बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. ख्रिस्ती घरांतल्या तसबिरींवर, आजाऱ्याच्या उशाशी, रविवारच्या उपासनेत त्यांतली बहुधा मोजकीच भेटतात: मेंढपाळाचे २३वे, डोंगरांकडे डोळे लावणारे १२१वे, आनंदाने गर्जायला सांगणारे १००वे. ती लाडकी आहेत यात नवल नाही. पण हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तोत्रांची प्रकारवार मांडणी केली, तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला तो विलापांचा. संग्रहाचा तिसरा हिस्सा तरी आजारपण, बदनामी, पराभव आणि देवाचे मौन यांबद्दलच्या तक्रारींनी भरलेला आहे. त्यामुळे या प्राचीन हिब्रू प्रार्थनांपासून ख्रिस्ती भक्ताने काही शिकायचे, तर आधी गाऱ्हाणे मांडायला शिकावे, स्तुतीचे नंतर पाहता येईल, असे मला वाटते.

१३वे स्तोत्र पाहा. अवघी सहा वचने. सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारले जाते, हे असे कुठवर चालायचे? पाचव्या वचनात मात्र भरवसा येतो आणि सहाव्यात गायक गाऊ लागतो. प्रवचनांत या वळणाचा अर्थ सहज लावला जातो: विश्वास धरला की दुःख पळते. योआखिम बेग्रिश या अभ्यासकाने १९३४ मध्ये वेगळा तर्क मांडला. मंदिरात गाऱ्हाणे ऐकल्यावर याजक देवाच्या नावाने अभय देत असावा आणि बदललेला सूर हा त्या अभयाला दिलेला प्रतिसाद असावा. स्तोत्रात ते अभयवचन लिहिलेले नाही, म्हणून हा तर्कच राहतो. तरी तो एवढे दाखवतो की चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये वेळ गेलेला असू शकतो, दुसरे माणूस आलेले असू शकते. ज्याच्याकडे अजून कोणी आलेले नाही, त्याला सूर बदलता आला नाही तर तो कच्च्या श्रद्धेचा ठरत नाही. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. संग्रह करणाऱ्यांनी त्याला दिलाशाची दोन वचने जोडली नाहीत, आणि ते वगळलेही नाही.

यावर श्रद्धाळू वाचक म्हणेल, की कुरकुर हे तर पाप. रानात कुरकुरणाऱ्या इस्राएली लोकांना शिक्षा झाली नव्हती का? झाली होती. पण १०६वे स्तोत्र सांगते की ते आपापल्या तंबूंत कुरकुरले. विलाप करणारा तंबूत बसत नाही. जे बोलायचे ते देवाच्या तोंडावर बोलतो. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांनुसार वधस्तंभावर येशूने २२व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोशच केला. तक्रारीला अविश्वास म्हणायचे, तर त्या आक्रोशालाही म्हणावे लागेल. मराठी माणसाला तर हे परके वाटू नये. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठोबाशी भांडले, रुसले, त्याला वाटेल ते बोलले. त्याच परंपरेत वाढलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. मग गाऱ्हाण्याचाच संकोच का धरावा?

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. ही गीते यहुदी लोकांची आहेत. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएलही याच गीतांनी प्रार्थना करतात, आणि त्यांना ती समजायला ख्रिस्ताची गरज पडत नाही. ख्रिस्ती परंपरेने त्यांत स्वतःचे अर्थ घुसवले, हा आरोप अगदीच खोटा नाही. चौथ्या-पाचव्या शतकांत बिशप ऑगस्टीनला स्तोत्रांत ख्रिस्त आणि त्याची मंडळी यांचा एकत्र आवाज ऐकू आला. त्याने वाचन खोल झाले, पण मूळचा दुःखी माणूस मागे पडण्याचा धोकाही आला. येशू स्वतः यहुदी म्हणून हीच स्तोत्रे म्हणत वाढला, हा ख्रिस्ती वाचकाचा खरा हक्क. तो हक्क बजावताना आधी मूळ गायकाचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, लोक बाबेलला नेले गेले, आणि पकडून नेणारेच त्यांना करमणुकीसाठी गाणे म्हणायला सांगू लागले. ही लाज कळल्याशिवाय १३७वे स्तोत्र कळत नाही.

याच स्तोत्राचा शेवट सर्वांत अवघड आहे, कारण तिथे शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या मरणाची इच्छा आहे. कॅथलिक चर्चच्या १९७१ च्या सुधारित दैनिक प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली गेली आणि १३७व्यासह इतर काहींतली कठोर वचनेही काढली गेली. या वचनांचे समर्थक म्हणतात, शाप देणारा स्वतः तलवार उचलत नाही, सूड देवावर सोपवतो. पौलानेही रोमकरांस पत्रात तेच सांगितले. हे अर्धेच उत्तर आहे, कारण सोपवलेली इच्छा तीच राहते. नाझी जर्मनीत दीट्रिख बोनहोफर या पाळकाने १९४० मध्ये स्तोत्रांवरच्या छोट्या पुस्तकात लिहिले, की देवाचा तो सूड अखेर शत्रूवर न पडता वधस्तंभावरच्या येशूवर पडला. पुढच्याच वर्षी त्याच्या लेखनाच्या प्रकाशनावर बंदी आली. त्याचे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेच्या आतच पटणारे आहे, हे मान्य. माझ्या मते ही वचने उपासनेत सर्वांनी मिळून गाण्याजोगी नाहीत, मात्र छापील पुस्तकातून काढूही नयेत. ज्याचे घर जळले त्याला पहिल्या दिवशी काय वाटते ते तिथे लिहिलेले आहे, आणि शत्रूसाठी प्रार्थना करा असे त्याला सांगणाऱ्या पाळकाने ते आधी वाचलेले असावे.