पहिलीपासून इंग्रजी : पाव शतकाचा मागोवा

सन २००० च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला, त्याला आता पाव शतक लोटले. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या निर्णयावर मोठे वादंग माजले. मातृभाषेचा पाया कच्चा राहील अशी भीती एका पक्षाने व्यक्त केली, तर खेड्यातील मुलाला शहरातील मुलाच्या बरोबरीस आणण्याचा हाच मार्ग आहे असे दुसऱ्या पक्षाने प्रतिपादले. मात्र सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी किती आले हे पारखायचे कसे, या प्रश्नाची त्या गदारोळात फारशी वास्तपुस्त झाली नाही. शिकविण्याची रीत आपण पुष्कळ पालटली, पारखण्याची रीत मात्र त्या मानाने थोडीच पालटली, आणि या विसंगतीची किंमत बोईसरजवळच्या सरावलीसारख्या गावच्या मुलांनी सर्वांत अधिक मोजली, असे या कालखंडाकडे पाहताना मला वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगायची तर, इंग्रजी अमदानीत मराठी चौथी उतरल्यावर इंग्रजीचा श्रीगणेशा होई आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्यात हा प्रारंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला गेला, आणि कालांतराने तो पाचवीवर येऊन स्थिरावला. या साऱ्या काळात परीक्षा म्हणजे लेखी उत्तरपत्रिका हे समीकरण अबाधित राहिले. व्याकरणाचे नियम, शब्दार्थ आणि भाषांतर यांवर गुण मिळत. विद्यार्थ्याने तोंडाने एकही वाक्य उच्चारले नाही तरी तो उत्तीर्ण होई. सन २००० साली ज्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती पहिलीचे इंग्रजी पुस्तक पडले, ते बहुतांशी या मुशीतूनच घडलेले होते.

सरावलीच्या परिसरात इंग्रजीचे ओझे दुप्पट जड होते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि बोईसरच्या आसमंतातील भातशेतीची गावे हळूहळू चाळींनी व कारखान्यांनी वेढली गेली. त्यामुळे येथील एकाच वर्गात वारली बोलणारी मुलगी, किनाऱ्याकडून आलेला मांगेली बोलणारा मुलगा आणि उत्तरेतून पोटासाठी आलेल्या कामगाराचे भोजपुरी बोलणारे पोर मांडीला मांडी लावून बसते. यांच्यापैकी अनेकांना पुस्तकातील प्रमाण मराठीदेखील शाळेतच भेटते. इंग्रजी त्यानंतर येते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजीचा उल्लेख तृतीय भाषा म्हणून होतो, तो या मुलांच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. याच पालघर जिल्ह्यात, कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलाच्या अंगणात नेऊन, त्याच्या परिसरातील वस्तूंतूनच ज्ञानाची वाट काढता येते हे कृतीने दाखविले होते. इंग्रजीच्या अध्यापनाने त्या वाटेवर पाऊल ठेवण्यास बराच उशीर केला.

तरीही पाऊल पडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नव्या अभ्यासक्रमात श्रवण आणि संभाषण यांना अग्रस्थान मिळाले, आरंभी लेखनाचा आग्रह सुटला, बडबडगीते आली. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’ अशा आज्ञांवर सारा वर्ग हसत-खिदळत उठू-बसू लागला आणि शब्दाचा अर्थ भाषांतरावाचून देहाला कळू लागला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेच्या ‘वुई लर्न इंग्लिश’ या कार्यक्रमाने आकाशवाणीवरून वर्गात इंग्रजी संभाषण पोहोचविले, आणि स्वतःच्या उच्चारांविषयी साशंक असणाऱ्या शिक्षकाला त्याचा मोठाच आधार झाला. सन २००० मध्ये पहिलीत बसलेली तुकडी मार्च २०१० मध्ये शालान्त परीक्षेस बसली, तेव्हा एक पूर्ण आवर्तन संपले होते.

त्याच वर्षी पारखण्याच्या रीतीतही सुधारणेचा यत्न झाला. शिक्षणहक्क कायद्याचा अंमल १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला आणि २० ऑगस्टच्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनास ७० व संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनास ३० गुण, तिसरी-चौथीला ६० व ४०, आणि आकारिकाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांचा समावेश, अशी ही योजना कागदावर निर्दोष होती. पण पन्नास मुलांच्या वर्गात, कित्येकदा दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकाचे बोलणे सवडीने ऐकायला वेळ कुठला? बाजारात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके मिळू लागली आणि निरीक्षणाची जागा नकलेने घेतली.

पालघर तालुक्यातील एका तिसरीच्या वर्गात पाहिलेला प्रसंग या संदर्भात माझ्या मनात घर करून आहे. बाजाराचे चित्र पुढे धरून बाईंनी ‘व्हॉट डू यू सी?’ असे विचारताच, एका कोळणीच्या मुलीने चित्रातील टोपलीवर बोट ठेवले आणि जरा थांबून ती म्हणाली, ‘फिश. बिग फिश. माय मदर सेल फिश.’ शिकविलेले शब्द तिने स्वतःच्या आयुष्याला जोडून वाक्य घडविले होते, आणि परभाषा आत्मसात होण्याचे याहून मोठे प्रमाण दुसरे नाही. तिच्या लेखी चाचणीत मात्र गाळलेली अक्षरे भरताना त्याच शब्दात ‘आय’च्या जागी ‘ई’ पडला होता, आणि तिच्या नावापुढे शेरा होता तो एवढाच: स्पेलिंगचा सराव आवश्यक. शेरा खोटा नव्हता, परंतु त्या मुलीची खरी कमाई दप्तरात कोठेही दाखल झाली नाही.

बाहेरच्या चाचण्यांनीही बहुधा हेच केले. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत काही वर्षी इंग्रजीची चाचणी झाली, तीत मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये या पायऱ्यांनी वाचन तपासले गेले आणि वाचलेल्याचा अर्थही विचारला गेला. ही पारख प्रामाणिक होती, पण बोलण्यापर्यंत ती पोहोचली नाही. शिष्यवृत्तीच्या बहुपर्यायी प्रश्नांत तर पर्याय निवडणे एवढेच काम उरते. अलीकडच्या संकलित मूल्यमापन चाचण्यांत तोंडी भागाला स्थान मिळाले, हे सुचिन्ह होय. मात्र तो भाग घाईने उरकला गेला, तर पुन्हा तेच घडेल.

परीक्षेत जे विचारले जाते त्याकडेच वर्गाचा ओढा राहतो, म्हणून सुधारणेचा आरंभ परीक्षेपासूनच झाला पाहिजे. प्रत्येक सत्रात प्रत्येक मुलाशी चार-पाच मिनिटे निवांत बोलता येईल इतका वेळ शिक्षकाला वेळापत्रकातच काढून द्यावा, आणि तेवढ्यापुरते त्याला अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे. मुलाने इंग्रजी सूचना समजून वारलीत किंवा भोजपुरीत उत्तर दिले, तर त्याच्या आकलनाचे गुण त्याला द्यावेत. बोलता येणे ही पुढची पायरी आहे आणि तिचा हिशेब निराळा ठेवावा. छापील नोंदीऐवजी मुलाने उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे, म्हणजे पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला कोठून आरंभ करावा हे कळेल. यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही, शिक्षकाच्या निर्णयावर विश्वास ठेवण्याची आहे. औद्योगिक वसाहतीत चांगल्या कामाची वाट इंग्रजीतून जाते हे येथील आईबाप रोज पाहतात, म्हणून मुलांना इंग्रजी यावे हा त्यांचा हट्ट रास्त आहे. त्या हट्टाला न्याय द्यायचा, तर त्यांच्या मुलांना जे बोलता येते ते आधी लक्षपूर्वक ऐकून घेणे, हे शाळेचे आद्य कर्तव्य आहे.