लिपो बॅटरी चार्ज करताना

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरच्या लिथियम पॉलिमर बॅटरीतील प्रत्येक सेलचे व्होल्टेज पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असते. त्यापुढे चार्जिंग चालू राहिले की सेल फुगतो, पेटूही शकतो. तीन सेलच्या बॅटरीत एकूण १२.६ व्होल्ट दिसत असतानाही एक सेल ४.३ वर आणि दुसरा ४.१ वर असू शकतो. एकूण आकडा इथे फसवतो. म्हणून प्रत्येक सेल स्वतंत्रपणे मोजणारा बॅलन्स चार्जरच हवा. चार्जिंगचा करंट सहसा १ सी, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याइतका ठेवावा: २२०० एमएएच बॅटरीला २.२ अँपिअर. उड्डाणानंतर तापलेली बॅटरी आधी निवू द्यावी. चार्जिंग फरशीवर, पडदे-कागदांपासून दूर आणि नजरेसमोर करावे. रात्रभर लावून झोपणे हा निव्वळ अविचार. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये.