बँकांचे राष्ट्रीयीकरण : संसद, सरकार आणि न्यायालय

मुलांच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसद, सरकार आणि न्यायालय यांचे वेगवेगळे धडे असतात. हे तिघे एकमेकांना कसे आवरतात, ते आम्हा बँकवाल्यांना आमच्याच क्षेत्राच्या इतिहासातून उमगले.

१९ जुलै १९६९ रोजी केंद्र सरकारने वटहुकमाने १४ मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. पण वटहुकूम कायमचा नसतो. संसद भरल्यावर सहा आठवड्यांत तिची मान्यता मिळाली नाही, तर तो संपतो. म्हणून ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला.

त्याविरुद्ध रुस्तम कूपर हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७० रोजी ११ पैकी १० न्यायमूर्तींनी कायदा रद्द ठरवला. असा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे त्यांनी मान्य केले. पण भरपाईची पद्धत योग्य नाही आणि याच १४ बँकांना बँकिंगची बंदी हा भेदभाव आहे, असे सांगितले.

चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला. पाठोपाठ संसदेने प्रत्येक बँकेच्या भरपाईची रक्कम ठरवून नवा कायदा केला. बँका सरकारकडेच राहिल्या, पण दुरुस्ती करूनच.

आमच्या वेळी कारकुनाने लिहिलेले व्हाउचर अधिकाऱ्याच्या सहीशिवाय पास होत नसे. कामाला थोडा उशीर व्हायचा, पण खातेदाराचा पैसा सांभाळला जायचा. देशाच्या कारभारात तो खातेदार म्हणजे आपण सगळे.